खाकरून यावं

पहाटे चार. चक्कीवाल्याच्या माडीवर
पायात मोजे, मांडीवर लॅपटॉप,
मी एकतीस गावांना एकदम विचारते : आहात का?

ही हाक मारणारं मॉड्यूल सगळ्यांत लहान.
ते काही बसवत नाही, काही पुसत नाही.
पिंग म्हणतं, आणि पलीकडून पाँग आलं
की समजायचं, त्या टोकाला जीव आहे.
बोथली आहे. पाचोड आहे. खुबगाव आहे.
दूध संकलन केंद्रांच्या टेबलाखाली,
फॅटच्या यंत्राला चिकटून बसलेल्या
वहीएवढ्या माझ्या पेट्या.

मग बाकीची मॉड्यूलं निघतात.
एक घड्याळ जुळवतं,
एक नवं दरपत्रक नेऊन ठेवतं,
एक, पडलेली सेवा उठवून बसवतं.
आठवीत घोरमोडे बाई आज्ञार्थ-विध्यर्थ शिकवत होत्या
तेव्हा मी मागच्या बाकावर बोरं खात होते.
आता कळतं.
इथे 'ठेव' म्हणायचं नसतं, 'असावं' म्हणायचं.
दरपत्रक असावं. घड्याळ बरोबर असावं.
असेल, तर मॉड्यूल हात लावत नाही,
हिरवी ओळ लिहून मोकळं होतं.
नसेल, तर करतं, आणि पिवळी लिहितं.
शंभरदा पाठवा,
भरल्या माठात पुन्हा पाणी ओतत नाही.

तीस गावं हिरवी.
चोपण लाल.

तीन पहाटा लाल, म्हणून स्कूटी काढली.
तुरी फुलावर, रस्ता नावापुरता.
केंद्रात पेटी खुंटीला टांगलेली,
वायर दाव्यासारखी गुंडाळून,
आणि पुंजाराम अवथळे पेन्सिलीनं
वहीत दूध लिहिताहेत.

"रातच्याले चार वाजता थे बत्ती लुकलुकते," म्हणाले,
"कोनीतरी येते त्याच्यात. मी इथंच झोपतो, मले दिसते."
"मीच येते ती, बाबाजी."
"तू? कुठून?"
"आर्वीहून. किल्ली आहे माझ्याकडे."
त्यांनी गवळाऊच्या पाठीवरून हात फिरवला,
जसं काही ती साक्षीदार आहे.
"किल्ली असन. मी कुठं नाई म्हनतो?
पन किल्ली हाये म्हनून चोरावानी याव काय मानसानं?
आमच्या घरी जवाई बी ढेलजेत खाकरते."

सुरक्षेवर मी दोन परीक्षा दिल्या आहेत.
कशातच हा प्रश्न नव्हता.
चहा घेतला. पेटी लावून आले.

त्या रात्री स्वतः एक मॉड्यूल लिहिलं, अकरा ओळींचं.
फॅटच्या यंत्रात एक बारकासा भोंगा असतो,
तो दोनदा वाजतो. बस.
यादीत सगळ्यांच्या वर टाकलं.
नाव दिलं : खाकरणे.

नागपूरहून वानकरसाहेबांचा फोन.
"हे तुझं पहिलं मॉड्यूल रोज बदल झाला म्हणतंय.
एकतीसच्या एकतीस पिवळ्या. नियमात बसत नाही."
खरंय, सर. बसत नाही.
दरपत्रक एकदा असलं की असतं.
पण काल खाकरले होते
म्हणून आज गुपचूप आत शिरता येत नाही.
'खाकरलेलं असावं' असं वाक्य
घोरमोडे बाईंनीही फळ्यावर लिहिलं नसतं.
साहेब म्हणाले, बघू.
अजून बघताहेत.

पहाटे चार. थंडी. चक्की अजून बंद.
आधी एकतीस पिवळ्या ओळी,
मग खाली खाली हिरवं उतरत जातं.
चोपणची ओळ मात्र सगळ्यांच्या मागून येते,
सात-आठ सेकंद.

नेटवर्क असेल.